सतरा नंबरचं झाड

"झाडाला इचारलं का?" असं म्हणत ती अंबाड्यातली पेन्सिल उपसायची आणि तिच्या बोथट टोकानं संगणकाच्या काचेवर, ज्या आकड्याबद्दल वाद चालला असेल त्याच्या बरोबर डोक्यावर, दोनदा टकटक करायची. समोर कोण बसलंय हे ती पाहत नसे. कालपरवा आलेला शिकाऊ असो नाहीतर परदेशात शिकून आलेला शास्त्रज्ञ, प्रश्न तोच. उत्तर मिळालं नाही की पायांत चपला सरकवून स्वतःच शेताकडे चालू लागायची.

अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. आपण 'झालं की आता' म्हणून फाईल मिटतो, तिथून त्यांचं काम सुरू होतं. आपण त्यांना मागून हसतो. आमच्याकडेही हसत. हसणाऱ्यांत मी होतो, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे माझा आवाज चढेल तेव्हा तो कोणाकोणावर चढतो आहे ते तुम्हाला कळेल.

जालन्याच्या बाहेर बियाण्यांच्या एका खाजगी संशोधन केंद्रात मी ग्रंथपाल होतो. पुस्तकं दोन कपाटं भरतील एवढीच, बाकी सगळ्या शेतातल्या नोंदवह्या. या वह्या पेन्सिलीनं लिहायची पद्धत असते. सकाळी शेतात दव असतं, शाई पसरते, पेन्सिल टिकते. कुठल्या ओळीत कुठलं वाण, फूल कधी लागलं, बोंडं किती, कापूस किती निघाला, सगळं त्या वह्यांत. हंगाम संपला की आकडे संगणकात चढत आणि वह्या माझ्याकडे येत. त्यानंतर त्यांच्याकडे कोणी फिरकत नसे. मीही फक्त वाळवी लागू नये म्हणून पाहत असे.

दोन हजार साल उलटून तीनचार वर्षं झाली असतील. पावसाळ्यात ती आमच्याकडे आली, अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचा प्रकल्प करायला. औरंगाबादच्या कॉलेजात तिची शाखा नवीच निघालेली होती. जीवशास्त्र, संगणक आणि संख्याशास्त्र एकत्र शिकायचं, आणि पदवी मात्र इंजिनीअरची. आमच्यातल्या निम्म्या लोकांना ते खरंच वाटलं नाही. ती तीर्थपुरीची, म्हणून सगळे तिला 'ए तीर्थपुरी' अशीच हाक मारत, आणि तीही 'ओ' देत असे.

तिचं हे दोन्हीकडचं प्रेम बारावीपासूनचं. तेव्हा बहुतेक मुलं एक तर जीवशास्त्र घेत किंवा गणित. डॉक्टर व्हायचं तर हे, इंजिनीअर व्हायचं तर ते. हिनं अंबडच्या कॉलेजात दोन्ही मागितली. खिडकीतला कारकून म्हणाला, "बाई, एकीकडं बस की. दोन डगरींवर पाय ठेवून कोण पार गेलंय?"

"मी पोहून जाते ना," ही म्हणाली.

हे तिनंच मला सांगितलं, आणि सांगताना स्वतःच इतकी हसली की तिचा चहा सांडला.

तिच्या घरी कपाशीचा सीड प्लॉट असे. म्हणजे कंपनीसाठी संकरित बी तयार करण्याचं काम. संध्याकाळी कळी सोलायची, अंगठ्याच्या नखानं तिच्यातले पुंकेसर काढून टाकायचे. सकाळी दुसऱ्या वाणाचं फूल आणून तिच्यावर फिरवायचं. एकेका झाडावर अशा कितीतरी कळ्या, आणि एकही चुकवायची नाही. तिची आई या कामात गावात पहिली. लेकीनंही लहानपणापासून ते केलेलं. तिच्या डाव्या अंगठ्याचं नख वाढलेलं असे, त्याच्या कडेला कायम पिवळट हिरवा डाग. कॉलेजात कोणी त्यावरून बोललं तर म्हणे, "हे माझं पहिलं इन्स्ट्रुमेंट हाय."

आमच्याकडे बियाण्यांचे एक म्हातारे व्यापारी अधूनमधून येत. घराणं मूळचं राजस्थानातलं, पण जालन्यात त्यांच्या कितीतरी पिढ्या गेलेल्या. त्यांनी एकदा तिला गाठलं.

"बेटी, तू डॉक्टर होणार का इंजिनीअर?"

"इंजिनीअर, काकाजी."

"मंग पूल बांधणार?"

"न्हाई. झाडात काय लिवलंय ते कॉम्प्युटरवर वाचणार."

"अगं, आमी तर बी हातात घेतलं की सांगतो. त्याला कॉम्प्युटर कशाला?"

तिनं टेबलावरच्या दोन वाट्यांतून सरकीचे दोन दाणे उचलले आणि त्यांच्या तळहातावर ठेवले. "सांगा मंग. यातला कोणता कोणाचा?"

काकाजींनी चष्मा वर केला, खाली केला, दाणे उजेडात धरले. "दोन्ही बिलकुल बराबर दिसून राह्यले."

"तेच तर," ती म्हणाली. काकाजी एवढे खूश झाले की पुढं केंद्रात आले की आधी 'ती वाचणारी पोरगी कुठंय?' असं विचारत.

वाचणं म्हणजे काय ते तिनं मलाही शिकवलं. पानातून काढलेल्या रसायनावर प्रयोगशाळेत प्रक्रिया केली की एका पातळ थरावर पट्ट्या उमटतात. प्रत्येक वाणाच्या पट्ट्या वेगळ्या. "पट्टी असंल तिथं एक लिवायचा सर, नसंल तिथं शून्य. झालं झाडाचं पुस्तक. आता तुमी ग्रंथपाल, तुमाला कशाला सांगायचं?" आमच्याकडे कपाशीची अठ्ठेचाळीस वाणं होती. त्या प्रत्येकाचं असं एक-शून्याचं पुस्तक करायचं, मग कोणाच्या पुस्तकातली कोणती अक्षरं जास्त कापसाशी जुळतात ते शोधायचं, असा तिचा प्रकल्प. शोधणारी आज्ञावली तिनं स्वतः लिहिली होती. कापसाचे आकडे आदल्या वर्षीच्या तक्त्यातून घ्यायचे होते. तो तक्ता केंद्रप्रमुखांनी पाहुण्यांपुढे अनेकदा मांडला होता. त्यात सतरा नंबरचं वाण पहिलं आलेलं होतं आणि पुढच्या वर्षी तेच बाजारात आणायचं घाटत होतं.

आणि तिची आज्ञावली काही केल्या चालेना. चालत होती, पण उत्तरं वेड्यासारखी येत. ज्यांची पुस्तकं जवळजवळ सारखी, अशी सख्खी भावंडं शोभतील अशी वाणं. त्यातलं एक तक्त्यात वर, दुसरं तळाशी. तिनं आधी स्वतःलाच दोषी धरलं. तीन वेळा सगळं पुसून पहिल्यापासून लिहिलं. जेवणाच्या सुट्टीत डबा न उघडता बसून राहायची. शेवटी एके दिवशी पेन्सिल उपसून स्वतःच्याच पडद्यावर टकटक केलं, म्हणाली, "मी तरी कुठं झाडाला इचारलंय?" आणि उठून गेली.

तीच अठ्ठेचाळीस वाणं त्या वर्षीही शेतात होती. तासाभरानं चिखलाचे पाय घेऊन ती माझ्या दारात उभी राहिली.

"सर, सतरा नंबर बघितला का कधी? गुडघ्याएवढं झाड. बोंडंच धरून न्हाई राह्यलं. हे पहिलं कसं आलं?"

"वर्षावर्षाचा फरक असेल."

"असंल. मागच्या वर्षीची वही द्या."

मी वही काढून दिली. ती तिथंच फरशीवर बसली, एका मांडीवर वही, दुसऱ्या मांडीवर तक्त्याची छापील प्रत. थोड्या वेळानं मला म्हणाली, "सर, जरा हिकडं या. हे बघा, फाटकापासून विहिरीपर्यंत वाणं ज्या क्रमानं पेरली, त्याच क्रमानं तक्त्यात नावं हायेत. पहिल्या ओळीत सतरा. बराबर? आता आकडे बघा."

मी पाहिले. फाटकाजवळच्या ओळीला सगळ्यांत जास्त कापूस. पुढच्या ओळीला त्याहून थोडा कमी. त्याच्या पुढच्या ओळीला आणखी कमी. असं विहिरीपर्यंत. मधे एकदाही आकडा वर चढलेला नाही.

"जमीन इतकी शिस्तीची असती का कुठं?" ती म्हणाली.

काय झालं होतं ते तिनं मला असं समजावलं: समजा अठ्ठेचाळीस गोण्या ओळीनं ठेवल्यात, प्रत्येकीपुढे जमिनीवर नावाची चिठ्ठी. कोणीतरी आलं, गोण्या उचलल्या आणि सगळ्यांत जड पहिली, मग त्याहून हलकी, अशा लावल्या. चिठ्ठ्या मात्र जिथल्या तिथं राहू दिल्या. संगणकात हे करायला क्षण लागतो. एकच रकाना निवडायचा आणि मोठ्यापासून लहानापर्यंत लावायचा. पाहुण्यांना दाखवताना चांगलं दिसावं म्हणून कोणीतरी तसं केलं होतं. वहीत सतरा नंबर शेवटून नववा होता.

चूक कोणाच्याही हातून होते. त्या चुकीबद्दल माझा राग नाही. माझा राग पुढच्याबद्दल आहे.

तिनं वहीतले आकडे घेऊन आज्ञावली चालवली तेव्हा सगळं सुतासारखं सरळ आलं. भावंडं भावंडांशेजारी बसली. तिनं प्रबंध लिहिला, त्यात एक प्रकरण या चुकीवर लिहिलं, कोणाचंही नाव न घेता. प्रबंधावर प्रमुखांची सही लागणार होती. त्याशिवाय कॉलेज प्रकल्प धरणार नव्हतं आणि प्रकल्प नाही तर पदवी नाही. दक्षिणेतल्या एका नावाजलेल्या संस्थेत पुढच्या शिक्षणासाठी तिची निवड झालेली होती. जुलैच्या आत पदवी दाखवायची, एवढीच अट.

प्रमुखांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. मला वही घेऊन यायला सांगितलं.

"हे प्रकरण काढ," ते म्हणाले. "बाकी काम छान आहे. अधिकृत तक्ता वापर आणि उद्या सही घेऊन जा."

"साहेब, तक्त्यात रकाना सरकलाय."

"ते तू ठरवणार? तुझी शाखाच मुळात अर्धी. अर्धं जीवशास्त्र, अर्धा कॉम्प्युटर. अर्ध्या माणसानं पुऱ्या माणसांना शिकवू नये."

तिनं माझ्या हातातली वही घेऊन त्यांच्यापुढं उघडली. मग म्हणाली, "वही बघा ना, साहेब."

"वही पेन्सिलीची आहे. पेन्सिल कोणीही खोडतं, कोणीही लिहितं. अधिकृत ती कॉम्प्युटरची प्रत."

"पेन्सिल खोडली तर कागदावर खूण ऱ्हाती, साहेब. कॉम्प्युटरमधी ती बी ऱ्हात न्हाई."

प्रमुखांनी माझ्याकडे पाहिलं. "काय हो, या वहीत कोणी खाडाखोड केली नसेल, याची खात्री देता?"

वही हंगाम संपल्यापासून माझ्या कुलुपात होती. माझ्याशिवाय आणि तिच्याशिवाय कोणी उघडलेली नव्हती. एकाही आकड्यावर खोडल्याची खूण नव्हती, मी स्वतः भिंग लावून पाहिलं होतं. एवढं सांगायला चार वाक्यं पुरली असती.

मी म्हणालो, "वही माझ्या ताब्यात आहे, साहेब. आतल्या मजकुराबद्दल मी काय सांगणार?"

वाक्य नियमाला धरून होतं. अशी नियमाला धरून असलेली वाक्यं बोलत मी ती सगळी नोकरी केली. तिनं माझ्याकडे वळून पाहिलंही नाही, वही हलकेच मिटली, माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "मंग सही राहू द्या, साहेब."

बाहेर व्हरांड्यात मी तिला गाठलं. म्हणालो, "अगं, एक प्रकरण. काढून टाक, पदवी घे, मोठी हो, मग लिही काय लिहायचं ते."

ती चिडलेली मी तेवढी एकदाच पाहिली. "सर, आमच्या प्लॉटचं बी कंपनी नेती आन् पेरून बघती. त्यात चार झाडं येगळी निघाली की अख्खा लॉट फेल. माह्या आईनं एक कळी सोलायची चुकवली, तरी फेल. वर्षाची मेहनत फेल. आई कधी म्हणली न्हाई की एकच कळी होती. मंग यांच्या तक्त्यात सगळीच झाडं येगळी निघाली, यांना कोण फेल करतं?"

त्या प्रश्नात सगळं आलं. शेतातल्या बाईनं नखाएवढी चूक केली तर तिचा लॉट परत, आणि खुर्चीतल्या माणसानं अख्खा रकाना सरकवला तर तो अधिकृत. फेल झाली ती, जिनं चूक दाखवली. कॉलेजनं प्रकल्पापुढं 'अनुपस्थित' असं लिहिलं. अनुपस्थित! आमच्या केंद्रात त्या वर्षी शेतात तिच्याएवढं उपस्थित कोणी नव्हतं. दक्षिणेतली जागा दुसऱ्या कोणाला गेली.

ती तीर्थपुरीला परतली. बसस्टँडजवळ एका संगणक वर्गात शिकवू लागली. कॉलेजनं पुढच्या वर्षी नव्यानं प्रकल्प करायची परवानगी दिली होती, दुसऱ्या मार्गदर्शकाखाली. तिनं गावोगावच्या बायकांकडून ज्वारीचं जुनं बी गोळा केलं. आष्टीच्या बाजारातून काही, कोणाच्या मडक्यातून काही. आणि वडिलांच्या शेतात ओळीनं पेरायला वाफे आखून ठेवले. मला एक पत्र आलं. त्यात रागाचा शब्द नव्हता. ज्वारीच्या रोगांवरची एक पुस्तिका हवी होती. मी पाठवली, सोबत दोन ओळींचं पत्र. त्या दोन ओळींतही मी पावसाबद्दल लिहिलं.

भाद्रपदात तिला ताप आला. गावातल्या डॉक्टरनं दोन दिवस गोळ्या दिल्या, तिसऱ्या दिवशी अंबडला नेलं, तिथून जालन्याला. मला कळलं तेव्हा सगळं होऊन गेलेलं होतं. केंद्रात कोणीतरी म्हणालं, "अरे, ती तीर्थपुरी गेली म्हणे." दुसऱ्यानं विचारलं, "कोण, ती झाडाला विचारणारी?" आणि सवयीनं हसला, मग ओशाळला.

पुढच्या वर्षी केंद्राचा नवा अहवाल छापून आला. सतरा नंबरचं वाण 'तांत्रिक कारणास्तव' मागे घेतलं होतं. शेवटी सुधारित तक्ता होता. मी तिच्या प्रबंधाची प्रत काढली आणि ओळीला ओळ लावून पाहिली. अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस आकडे तिच्या त्या प्रकरणातले. क्रमही तिचाच. खाली आभार होते: प्रमुखांचे, व्यवस्थापनाचे, मुद्रकाचेसुद्धा.

त्या दिवशी पहिल्यांदा मी वाक्य नियमाला धरून लिहिलं नाही. कॉलेजला पत्र लिहिलं. वही कुठे होती, कोणी उघडली, केबिनमध्ये मला काय विचारलं गेलं आणि मी काय उत्तर दिलं, सगळं लिहिलं. दोन्ही तक्ते जोडले, सही केली. प्रमुखांनाही प्रत दिली. त्यांनी ती वाचून टेबलाच्या खणात टाकली आणि मला बसायलाही सांगितलं नाही. कॉलेजचं उत्तर तीन ओळींचं आलं. विद्यार्थिनीची नोंदणी संपुष्टात आली असल्यानं प्रकरण पुन्हा उघडता येत नाही, कळावे.

तो अहवाल घेऊन मी तीर्थपुरीला गेलो. तिची आई प्लॉटमध्ये होती. उन्हं कलली होती, कळ्या सोलायची वेळ. मी बांधावरून हाक मारली, ओळख सांगितली.

"या सर," ती म्हणाली. "हात थांबवता येत न्हाई, माफ करा. लेक लई बोलायची तुमच्याबद्दल."

काय बोलायची ते मी विचारलं नाही.

"ताई, तिचं बरोबर होतं. आता त्यांनीच छापलंय."

"वाचून दाखवा."

मी झाडांमधून तिच्या बाजूनं चालत वाचू लागलो. वाण आणि आकडा, वाण आणि आकडा. ती कळ्या सोलत ऐकत होती. सतरा नंबरला तिनं मला थांबवलं, "हे परत वाचा," म्हणाली, आणि मी परत वाचलं. अठ्ठेचाळीस संपले तेव्हा आम्ही ओळीच्या टोकाला पोहोचलो होतो.

"म्हंजे ती पास झाली का?"

"माझ्या लेखी तर..."

"तुमच्या लेखी नका सांगू, सर. कॉलेजचा कागद आला का?"

"नाही."

"ह्याच्यावर तिचं नाव हाय?"

"नाही."

मी म्हणालो की मी तिच्याबद्दल लिहीन. वर्तमानपत्रात, मासिकात, जिथं छापतील तिथं. तिचं नाव सगळ्यांना कळेल. आई पहिल्यांदा थांबली.

"हिकडं-तिकडं नका लिवू तिचं नाव. तिनं भीक थोडीच मागितली होती नावाची? ज्यांनी तिचं काम घेतलं, त्यांच्या कागदावर लिवायला लावा." तिनं अहवालाकडे हनुवटीनं खूण केली. "हे घेऊन जावा परत. नाव घालून आणा. तवर मला कायबी वाचून दाखवू नका."

आणि ती दुसऱ्या ओळीला लागली.

तेव्हापासून मी दर वर्षी एक पत्र लिहितो. प्रमुख बदलले, कॉलेजचे प्राचार्य दोनदा बदलले, मी निवृत्त झालो. उत्तरं येतात, नाव येत नाही. तुम्ही हे वाचताना एव्हाना विचारलं असेल, की एवढं लिहिलंस आणि तिचं नाव का नाही लिहिलंस? लिहिण्यासारखं सुंदर नाव आहे. पण त्याची जागा ही नाही, आणि त्या अहवालात जिथं ती जागा आहे, तिथं अजून कोरं आहे.